जुरीने सांगितलेली हिस्ट्री

सुरुवातीलाच सांगून टाकते... भूत, करणी, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं, यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता आणि आज ऐंशी ओलांडली तरी नाही. आयुष्यभर सरकारी नर्स होते. मेलेल्या माणसांचे डोळे याच हातांनी मिटले. एका गावी तर शवागाराच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत दोन वर्षं राहिले, पण कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. या सदरातले अनुभव माझी भाचेसून मला वाचून दाखवते आणि मी प्रत्येकाला काही ना काही कारण शोधून देते. परवा ती म्हणाली, "मावशी, म्हणजे तुमच्या सगळ्या नोकरीत एकही गोष्ट अशी घडली नाही?"

मी विषय बदलायला गेले. तिने ते बरोबर हेरलं. आता मी सांगते आहे आणि ती टाइप करते आहे.

एक आहे. एकच.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आलापल्लीच्या पुढे सिरोंच्याच्या रस्त्याने गेलं की डाव्या हाताला एक कच्चा रस्ता आत जायचा, त्याच्या टोकाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, सगळा मिळून एकच चांदा जिल्हा. आजच्या चंद्रपूरलाही चांदाच म्हणायचे. आमचं राज्य नुकतंच बदललं होतं. मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात आलो होतो आणि दवाखान्यातले निम्मे फॉर्म जुन्या राज्याचे, निम्मे नव्याचे होते. आठ खाटांचा कौलारू दवाखाना. पुढे पडवी, मागे औषधांची कोठडी आणि त्यामागे आम्हा नर्सेसच्या दोन खोल्या, मध्ये एकच भिंत. चारी बाजूंनी सागवान. माणसं मोजून चार — नागपूरचे तरुण डॉक्टर साहेब, रामाजी कंपाउंडर, मी आणि सिंधू.

मी आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. नागपूरला तीन वर्षांचं ट्रेनिंग घेऊन आले होते आणि बॅचमध्ये पहिली होते. हे मी फुशारकीने सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. आमच्या ट्यूटर सिस्टर फार कडक होत्या. रुग्ण आला की आधी नुसतं बघायचं. मग विचारायचं, म्हणजे हिस्ट्री घ्यायची. मग हात लावून तपासायचं. आणि मग लिहायचं. "रोगाचं नाव डॉक्टर देतील," त्या म्हणायच्या, "पण या माणसाला आत्ता काय जमत नाही आहे, कशाचा त्रास आहे, हे तुम्ही ठरवायचं. आणि त्यावर आज, उद्या, परवा काय करायचं तेही तुम्हीच लिहायचं." नुसतं 'आराम द्यावा' असं लिहिलं की त्या पान फाडायच्या.

माझं पान कधी फाटलं नाही. अक्षर वळणदार, समास सोडलेला, एकेक गोष्ट क्रमाने.

मी यायच्या आदल्याच वर्षी सिंधू तिथे रुजू झाली होती. वयाने माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. तिचं शिक्षण माझ्याहून कमी, दोन वर्षांचा साधा कोर्स. अंगाने गोल, सतत हसणारी, केस कधी धड बांधलेले नाहीत. रजिस्टरमध्ये लिहायची, 'बाईले गरगर वाट्टे.' मी लाल पेन्सिलीने खाली 'चक्कर' असं लिहून ठेवायचे. ती म्हणायची, "ताई, तुमी लिवलं ते चांगलं दिसते," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'गरगर' लिहायची.

पण तिचे वडील जंगलखात्यात नाकेदार होते. लहानपण सगळं माडिया गोंडांच्या गावांत गेलेलं, त्यामुळे त्यांची भाषा तिला आईच्या भाषेसारखी यायची. आमचे निम्म्याहून अधिक रुग्ण तेच. मला त्या भाषेतले चार शब्दही धड येत नव्हते. मी बॅचमध्ये पहिली आलेली नर्स... आणि खाटेवरच्या माणसाला काय होतंय हे विचारायला मला सिंधूला हाक मारावी लागायची!

एक प्रसंग सांगते. एक म्हातारा होता. जेवेना. मी तपासून दीड पान लिहिलं, जीभ, पोट, शौच, ताप, सगळं. सिंधू त्याच्याजवळ बसून चारोळ्या सोलत अर्धा तास गप्पा मारत राहिली. मग उठून एका ताटात भात घेतला आणि बाहेर झाडाखाली बसलेल्या त्याच्या बायकोला नेऊन दिला. बायको जेवली. मग म्हातारा जेवला. इतकंच होतं — ती सकाळपासून उपाशी आहे हे त्याला खाटेवरून दिसत होतं. डॉक्टर साहेब रामाजीसमोर मला म्हणाले, "सिस्टर, तीन वर्षांत हे शिकवलं नाही का तुम्हाला?"

ते हसत म्हणाले होते. मला रात्रभर झोप आली नाही.

लोक तिच्यासाठी मोहफुलं आणत, मध आणत, एकदा एकाने कोंबडी आणली. मला नमस्कार करत. डॉक्टर राउंडला आले की माझं पान वाचत आणि मान वर करून विचारत, "सिंधू, तुला काय वाटतं?" लोकांच्या पोटदुख्या मी दिवसभर विचारत होते, पण माझ्या स्वतःच्या पोटात जे दुखत होतं त्याचं नाव मला पक्कं ठाऊक होतं. भिंतीपलीकडे ती गुणगुणली तरी मला राग यायचा. तिच्या हातून एखादी चूक व्हावी, मोठी नको, पण डॉक्टरांना दिसेल एवढी व्हावी, असं मला वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

आता ती गोष्ट.

उन्हाळा होता, तेंदूपानांचे दिवस. डॉक्टर साहेब सकाळीच जंगलखात्याच्या डेपोवर गेले होते, लाकूड पायावर पडून एक मजूर जखमी झाला होता म्हणून. सिंधू बैलगाडीने शेजारच्या गावी बाळंतपणाला. रामाजी जेवायला घरी. दुपारचे दोन वाजले असतील. एक माणूस बैलगाडी घेऊन आला. गाडीत एक बाई, चाळिशीची असेल. त्याने तिला उचलून आत आणलं, कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवलं, मला त्याच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मी मान हलवली. मला एक अक्षरही कळलं नव्हतं. त्याने बैलांकडे बोट दाखवलं, नदीकडे दाखवलं आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेला.

अशा वेळी रुग्णाला पाणी द्यायचं, ताप बघायचा आणि सिंधूची वाट बघायची, असा आमचा रिवाज होता. संध्याकाळपर्यंत ती येणारच होती.

मी ठरवलं, आज नाही. आज सगळं मीच करणार. खुणांनी करेन, बोटं दाखवून करेन, पण डॉक्टर येतील तेव्हा पान भरलेलं असेल आणि त्यावर सिंधूचा एक शब्द नसेल.

आधी बघितलं. कपाळावर घाम, भुवया किंचित वर चढलेल्या. पदर तोंडावर ओढून घेतलेला, तेवढ्यात मला दिसलं की ओठांचे कोपरे ताणलेले आहेत, हसू दाबल्यासारखे. दाराकडून उजेड येत होता, ती मान फिरवायला बघत होती आणि मान सगळी फिरत नव्हती. मी स्टूल ओढलं. स्टुलाचा आवाज झाला तशी ती दचकली. सगळं अंग दचकलं.

मी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि सवयीने, आपल्या मराठीतच, विचारलं, "नाव काय बाई?"

"जुरी."

मी लिहिलं. मला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही! बाजारात येणाऱ्या काही बायकांना मराठी यायची. मी मनात म्हटलं, चला, नशीब उघडलं आज.

"काय होतं?"

"तोंड उघडत नाई वं बाई. परवापासून. घास आत जात नाई. पेजसुदिक गालातून बाहेर येते."

"ताप?"

"ताप थोडा. मान धरली. पाठ धरली. आवाज झाला का अंगात कोनी दोरी ओढल्यावानी होते."

मी खाली मान घालून भराभर लिहीत होते. पूर्वी काही लागलं होतं का, असं विचारलं. हा प्रश्न आम्हाला घोकून घेतलेला. ती म्हणाली, "टाचेत बांबूची कपची गेली. वासरू बिबट्यानं नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी. भाऊ बाजाराले गेला होता. गोठ्याचं कुंपन मी एकटीनं बांधलं, तवा गेली. वरचं मोडलं, आतलं आतच राह्यलं. मोहाच्या बियांचं तेल लावलं, वरून भरून आलं."

"भावाला सांगितलं नाही?"

"सांगू कशी?"

मी लिहिलं — 'लाजेने घरी सांगितले नाही.' ते पान आजही डोळ्यांसमोर आहे.

मग हात लावून तपासलं. टाचेच्या भेगेत एक काळा ठिपका होता, मोहरीएवढा. दाबलं तर तिने श्वास ओढला. लाकडी पट्टी तोंडात घालून बघितली, दातांमधून जेमतेम गेली आणि जबडा आवळला. धनुर्वात! वर्गात वाचलेला आणि ट्रेनिंगमध्ये दोनदा बघितलेला. ते दोन्ही रुग्ण वाचले नव्हते.

रोगाचं नाव मी समासात, कंसात, प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं, कारण तो डॉक्टरांचा अधिकार. पण खाली माझं काम मी लिहिलं. गिळता येत नाही, ठसका लागून जीव जाईल. आवाजाने आणि उजेडाने झटका येईल. झटक्यात श्वास अडकेल, जीभ चावली जाईल. बाई घाबरलेली आहे. आणि मग काय करायचं ते... औषधांची कोठडी रिकामी करून तिथे हलवायचं, दाराला काळं कांबळं लावायचं. एका वेळी एकच माणूस आत, तेही अनवाणी. कुशीवर ठेवायचं. तोंडाने फक्त थेंबथेंब. हात लावायच्या आधी हळू सांगायचं. जखम उघडून धुवायची. दोन्ही बाजूंनी पान भरत आलं. इतकं चांगलं पान मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

तेवढ्यात सिंधूची गाडी आली. मी बाहेर जाऊन तिला पडवीतच थांबवलं. म्हटलं, "बाळंतपणावरून आली आहेस, आधी आंघोळ कर, मग वॉर्डात ये." नियमच होता तसा. ती गेली. रामाजीही आला. मी त्याच्याकडून कोठडीतली खोकी बाहेर काढून घेतली आणि आम्ही दोघांनी बाईला आत हलवलं.

अर्ध्या-पाऊण तासाने डॉक्टर साहेब परतले. पडवीतच उभ्याने पान वाचलं. पहिली बाजू, मग दुसरी. "सिस्टर," ते म्हणाले, "हे... हे उत्तम आहे." आणि त्या दिवशी त्यांनी मान वर करून सिंधूला काही विचारलं नाही. ती ओल्या केसांनी तिथेच उभी होती. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

नदीवरून त्या बाईचा भाऊ परतला होता. लालसू त्याचं नाव. सिंधू त्याच्याशी बोलायला लागली. बोलता बोलता थांबली आणि माझ्याकडे वळली.

"ताई, हे सगळं कोनं सांगतलं तुमाले?"

"तिनेच. दुसरं कोण सांगणार?"

"ते बोलली?"

"बोलली म्हणजे काय? मी विचारलं, तिने सांगितलं. मराठीत."

सिंधूचा चेहरा कसातरीच झाला. "ताई... ते मुकी आहे जी. जन्मापासून. हा तिचा सख्खा भाऊ सांगून राह्यला. एक शब्द नाई बोलली आजपर्यंत. मराठी तं सोडाच."

डॉक्टरांनी हातातलं पान खाली केलं.

मी काय करायला हवं होतं? मला वाटलं, हिला सहन झालं नाही. एक दिवस, एकच दिवस माझं कौतुक झालं तर... "जळतेस तू," मी ओरडले. "तुझ्याशिवाय कुणी माझ्याशी बोलूच शकत नाही असं वाटतं तुला! भावाला काय विचारलंस आणि त्याने काय सांगितलं, आम्हाला काय कळतंय?"

डॉक्टर कोठडीत गेले, मीही मागोमाग. त्यांनी हळू आवाजात बाईला विचारलं, मी विचारलं. तिने नुसतं बघितलं. घशातून एक आवाज आला, मुक्या माणसांचा असतो तसा.

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, काय वाटेल ते करा, पण खोटी हिस्ट्री लिहू नका. मी यावर विश्वास ठेवून धनुर्वाताचं सीरम टोचलं असतं. तिला मलेरिया असेल, प्लीहा वाढलेली आहे. मुकी बाई तोंड कमी उघडते. सीरमची रिअ‍ॅक्शन येऊन ती मेली असती तर? हे मला वर कळवावं लागेल."

वर म्हणजे चांद्याला. म्हणजे माझी नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे ते खरं बोलत होते. माझ्यासारख्या जळणाऱ्या बाईने असं पान रचलं असतं, यात अशक्य काय होतं? मी स्वतःलाच विचारायला लागले — तिचे ओठ हलताना मी पाहिले का? तोंडावर पदर होता. मी खाली मान घालून लिहीत होते. आवाज ऐकला, एवढं शपथेवर सांगते. ओठ पाहिले असं शपथेवर सांगता येत नाही. आणि आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. त्या भागातले लोक बोलताना 'जी' लावतात. ती 'वं' म्हणत होती, आमच्या आर्वीकडच्या बायका म्हणतात तसं.

सिंधूने डॉक्टरांच्या हातातून पान घेतलं आणि लालसूजवळ जमिनीवर जाऊन बसली. एकेक ओळ वाचायची आणि त्याला काहीतरी विचारायची. तो उत्तर द्यायचा, ती मान हलवायची. मग तिने आणखी काही विचारलं आणि लालसू एकदम उठून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं, दोन पावलं मागे सरला.

सिंधू उठून डॉक्टरांकडे आली.

"सर, वासरू बिबट्यानं नेलं, खरं आहे. दुसऱ्या दिवशी हा बाजाराले गेला होता, घरी आला तं कुंपन बांधलेलं होतं."

"तू सांगितलंस आणि तो हो म्हणाला."

"नाई जी. मी नुसतं विचारलं, जनावराचं काही झालं का, तू गावाबाहेर कवा गेला होता. बाकी त्यानं सांगतलं." तिने पानाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "आन् नाव. गावात सगळे तिले 'मुकी'च म्हन्तात, त्यायच्या भाषेत. जुरी फक्त तिची माय म्हने. माय मरून लय वर्षं झाली. ह्यानंही ते नाव तोंडात घेतलं नाई तवापासून."

"मग हिने कुठून लिहिलं?"

"ते मले नाई माहीत. पन ताईनं लिवलं ते खरं आहे."

माझी बाजू घेणारी तीच होती.

डॉक्टर अजून विचारातच होते, तेवढ्यात विहिरीवर रामाजीच्या हातून लोखंडी बादली फरशीवर पडली. कोठडीत खाट करकरली. आम्ही धावलो. बाईची पाठ धनुष्यासारखी वर उचलली गेली होती, नुसती टाच आणि डोकं खाटेला टेकलेलं, दात आवळलेले, चेहरा काळानिळा. मोजता येतील एवढेच क्षण. मग सैल पडली.

डॉक्टरांनी सुई उकळायला सांगितली. आधी सीरमचा एक थेंब टोचून बघितला, मग पूर्ण दिलं. झोपेचं औषध दिलं. मी टाच धरली आणि त्यांनी चिरली. बोटाच्या पेराएवढी बांबूची कपची निघाली, पू आणि काळं पाणी. कपची त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. वर काही कळवलं नाही.

पुढचे तीन आठवडे सिंधूने आणि मी आळीपाळीने काढले, अनवाणी, त्या अंधाऱ्या कोठडीत, मी लिहिलेल्या पानाप्रमाणे. त्यात डॉक्टरांनी एक शब्द बदलला नाही. दिवसाला वीस-वीस झटके यायचे, मग दहा, मग दोन. बाई वाचली. आमच्या दवाखान्यात धनुर्वाताचा वाचलेला तो पहिला रुग्ण.

पण ती पुन्हा बोलली नाही.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकटी असताना तिच्या कानाशी वाकून म्हणायचे, "जुरी, बोल ना. एकदा बोल." तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. ती माझ्याकडे शांतपणे बघायची. बरी व्हायला लागल्यावर सिंधूशी हातवारे करायची, तिच्या गोष्टींवर हसायची. मला नेमाने हात जोडायची. म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यासारखंच.

एक बदल मात्र झाला होता. सिंधू गुणगुणायची थांबली होती. एका सकाळी मी कांबळं बाजूला करून आत गेले, तर ती खाटेजवळ गुडघ्यांवर बसलेली. बाईचा हात दोन्ही हातांत धरून त्यांच्या भाषेत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती, अगदी गयावया करून. मला बघून उठली. डोळे लाल.

"काय मागत होतीस तिला?"

"एक शब्द," ती म्हणाली. "ताई, मी ह्यायच्यातच वाढली. ह्यायच्या भाषेत बोलते, ह्यायच्या घरी जेवते. आन् ते मुकी बाई आयुष्यात एक डाव बोलली, तं तुमच्याशी! माझ्याशी काऊन नाई? माझं काय चुकलं जी?"

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं. वर्षभर ते मी माझ्या आरशात बघत होते. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. खरं सांगते, मला गोड वाटलं. मी म्हटलं, "असतं गं एकेकाचं नशीब," आणि औषधाचा पेला उचलला.

जुरीला न्यायला लालसू आला तेव्हा ती चालत गाडीपर्यंत गेली. वर्षभरात माझी बदली भद्रावतीकडे झाली. सिंधू तिथेच राहिली. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं, त्याच अशुद्ध मराठीत. प्रत्येक पत्रात कुठेतरी एक ओळ असायचीच — 'ताई, ते बाई तुमच्याशीच काऊन बोलली हे अजून उमगत नाई.' मी उत्तरात तब्येत, पाऊस, मुलांची शाळा लिहायचे.

डॉक्टर साहेब नंतर एकदा चांद्याच्या बस स्टँडवर भेटले होते. ते म्हणाले, "तुम्ही जबडा पाहिला, मान पाहिली, टाच पाहिली. मनाने निदान आधीच केलं आणि तिच्या तोंडी घातलं. माणसाचं मन असं करतं." मी म्हटलं, "आणि वासरू? आणि नाव?" ते म्हणाले, "ते मात्र..." आणि त्यांची बस लागली.

मी स्वतः सगळी कारणं तपासून बघितली. उन्हाची झापड? रजिस्टरमधलं अक्षर सरळ होतं. आधी कुणाकडून ऐकलेलं? त्या गावाचा एकही माणूस माझ्याशी बोलू शकत नव्हता. साठ वर्षं झाली, मला काही सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर जरूर लिहा.

पण हे सगळं सांगितलं म्हणजे खरं सांगितलं असं होत नाही. मागच्या महिन्यात सिंधूच्या मुलाचं पत्र आलं, आई गेली म्हणून. तेव्हा उरलेलं सांगते.

त्या दुपारी पान भरत आलं होतं. बाहेर सिंधूच्या बैलगाडीच्या घंटा वाजल्या, पडवीत तिचा आवाज आला. खाटेवरची बाई दचकली आणि मग मला म्हणाली... हेही मी तितकंच स्पष्ट ऐकलं,

"ते आली का? तिले बोलाव वं बाई. मले तिच्याशी बोलाचं आहे. लवकर बोलाव."

मी म्हटलं, "ती आज नाही."

आणि बाहेर जाऊन सिंधूला आंघोळीला पाठवलं. परत आले तेव्हा बाईने तोंड भिंतीकडे केलं होतं.

ते वाक्य मी लिहिलं नाही. पानावर जागा होती.